सौद्यांतून पिचिंग रोटेशन कसं उभं करावं

आमच्या फँटसी बेसबॉल लीगमध्ये बारा संघ आहेत. खऱ्या खेळाडूंचे कागदी संघ करायचे, आपसात सौद्यांनी खेळाडूंची अदलाबदल करायची आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या आकड्यांवर आपला संघ जोखायचा, असा हा खेळ. त्यातले बहुतेक ह्यूस्टनमधल्या माझ्या ऑफिसातले सहकारी, सगळे लहानपणापासून बेसबॉल पाहत वाढलेले. मी कोल्हापूरची. २०१७ पर्यंत मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या ऑगस्टात हार्वी वादळाचं पाणी आमच्या दारापर्यंत आलं. शेजारच्या घरात तर गुडघाभर साचलं, म्हणून ते कुटुंब आमच्याकडे राहायला होतं. ३१ तारखेच्या मध्यरात्री बातमी आली की ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने डेट्रॉइटकडून जस्टिन व्हर्लँडर हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, घेतला. सौद्यांची मुदत संपायला काही क्षण उरले असताना सौदा पक्का झाला होता. घर पाण्यात गेलेला आमचा शेजारी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवायला लागला.

एका पिचरने असा काय फरक पडतो, हे पाहायला मी सामने बघू लागले. मोसमात उरलेल्या सामन्यांपैकी पाच व्हर्लँडरने टाकले आणि पाचही जिंकले, ईआरए १.०६ (हे काय ते पुढे सांगते). अ‍ॅस्ट्रोजने त्या वर्षी पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचं अजिंक्यपद, जिंकली. पुढे त्याच संघाची समोरच्या कॅचरने (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) पिचरला केलेल्या खुणा चोरण्याची लबाडी उघड झाली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पण ती भानगड फलंदाजीतली होती. पिचिंगच्या सौद्यांत त्यांनी जे केलं, त्यातून मी लीग खेळायला शिकले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. सामना सुरू करणारे पाच पिचर, म्हणजे स्टार्टर, आळीपाळीने येतात, त्याला रोटेशन म्हणतात. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका सामन्यात नऊ इनिंग असतात) पिचरने दिलेल्या धावा. क्षेत्ररक्षकांच्या चुकीने झालेल्या त्यात धरत नाहीत. आकडा जितका कमी तितका पिचर चांगला.

सौद्याला बसण्याआधी कागद घेऊन इनिंग मोजा. आमच्या लीगचा नियम असा की मोसमात संघाच्या पिचरांनी किमान १,००० इनिंग टाकायला हव्यात. शेवटी येणारे तीन रिलीव्हर मिळून दोनशेच्या आसपास देतात. उरल्या आठशे, म्हणजे पाच स्टार्टरांना प्रत्येकी १६० आल्या. ऐकायला सोपं वाटतं, पण हल्ली मोसमात १६२ इनिंग पूर्ण करणारे पिचर मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये, संघामागे सरासरी दोनही भरत नाहीत. त्यामुळे पाच जागांसाठी सात माणसं लागतात. नवखे लोक तीन मोठी नावं आणून निवांत बसतात आणि जुलैत त्यांची धावपळ सुरू होते.

सॅन डिएगो पाद्रेजचं २०२१ चं उदाहरण मी प्रत्येक नव्या खेळाडूला सांगते. २०२० च्या डिसेंबरात त्यांनी ब्लेक स्नेल आणि यू दार्विश आणले, जानेवारीत जो मसग्रोव्ह. जेमतेम एका महिन्यात तीन उत्तम स्टार्टर. मसग्रोव्हने एप्रिलमध्ये त्या संघाच्या इतिहासातला पहिला नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाचा एकही फटका लागू पडू न देता पूर्ण सामना. पण आदल्या ऑगस्टात सौद्यातून आणलेला माइक क्लेव्हिंजर कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर होता. एकेक जण दुखापतीने गळत गेला, आणि शिकागोने नुकत्याच सोडून दिलेल्या जेक अरिएटाला ऑगस्टात बोलावण्याची वेळ आली. मोसम संपला तेव्हा ७९ विजय, ८३ पराभव. सौदे तिन्ही चांगले होते, पण सहावा-सातवा माणूस कुणी शोधून ठेवला नव्हता.

इनिंगचा हिशेब लागला की माल पारखायचा. माझ्या वडिलांचं कोल्हापुरात गुळाचं अडतीचं दुकान होतं. लिलावाला गुळाचा रवा, म्हणजे ढेप, आला की बाबा वरच्या पिवळ्या रंगावर जायचे नाहीत. कोपऱ्याचा खडा फोडून आतला कण बघायचे. पिचरचा ईआरए म्हणजे रव्याचा वरचा रंग. बॅटला लागून मैदानात पडणाऱ्या चेंडूंपैकी साधारण तीस टक्क्यांचे हिट होतात, म्हणजे फलंदाज बाद न होता बेसवर पोचतो, आणि त्यात नशिबाचा आणि मागच्या क्षेत्ररक्षकांचा वाटा मोठा असतो. पिचरच्या स्वतःच्या हातात असतं ते स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद), वॉक (चार खराब चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला बेस) आणि होमरन (मैदानाबाहेर गेलेला फटका). मी आधी हे तीन रकाने बघते, ईआरए सगळ्यांत शेवटी.

क्रिस सेलचं २०२३ चं वर्ष घ्या. ईआरए ४.३०, दुखापतींनी पोखरलेला मोसम, वय ३४. लोकांनी त्याला मोडीत काढलं होतं. पण सुमारे १०३ इनिंगमध्ये त्याचे १२५ स्ट्राइकआउट होते आणि वॉक फक्त २९. आतला कण शाबूत होता. बॉस्टनने त्याला डिसेंबरात अटलांटाकडे पाठवलं, बदल्यात व्हॉन ग्रिसम हा एक तरुण इनफिल्डर घेतला आणि वर सेलच्या पगारातला मोठा हिस्साही स्वतः भरला. पुढच्या वर्षी सेलने १८ विजय, ३ पराभव, २.३८ ईआरए आणि २२५ स्ट्राइकआउट अशी कमाई करून वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार घेतला. आमच्या लीगमध्ये मार्च २०२४ मध्ये मी त्याला एका साध्या आउटफिल्डरच्या बदल्यात घेतलं होतं. समोरच्याने विचारलंसुद्धा, "नक्की ना?" मी त्याला ते तीन रकाने दाखवले. तरी त्याने सेल दिला. मला लपवून सौदा करायला आवडत नाही. त्याच लोकांशी पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं असतं.

आता खरी गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते: समोरचा का विकतो आहे?

कारणं मोजकीच असतात. एखाद्या संघाचं वर्ष संपलेलं असतं आणि त्याला उद्यासाठी तरुण हवे असतात. कुणाला दुसऱ्या जागेची निकड असते. कुणाचा त्या पिचरवरचा विश्वास उडालेला असतो. हे तिसरं कारण सापडलं की मी कान टवकारते. जुलै २०१३ मध्ये बाल्टिमोरने जेक अरिएटाला असंच सोडलं. त्यांना त्याच वर्षी जिंकायचं होतं, म्हणून स्कॉट फेल्डमनसारखा हुकमी स्टार्टर हवा होता, आणि अरिएटा त्यांच्याकडे कधी स्थिरावलाच नाही. शिकागो कब्जने फेल्डमन आणि कॅचर स्टीव्ह क्लेव्हेंजर देऊन अरिएटा आणि पेड्रो स्ट्रोप घेतले. दोन वर्षांनी अरिएटा २२ सामने जिंकून, १.७७ ईआरए राखून साय यंग झाला. अरिएटाच्या सौद्याच्या आदल्या वर्षी, २०१२ च्या जुलैत, कब्जने रायन डेम्पस्टर देऊन टेक्सासकडून काइल हेंड्रिक्स नावाचा संथ चेंडू टाकणारा पोरगा आणला होता. २०१६ मध्ये त्याचा ईआरए २.१३ होता, सगळ्या मेजर लीगमध्ये सर्वांत कमी. १०८ वर्षांनी कब्जने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्या रोटेशनमधले हे दोन खांब पडत्या काळात केलेल्या सौद्यांतले होते. तुमचा संघ तळाला असेल तर हे दोन सौदे पुन्हा पुन्हा वाचा. आपल्याकडचा मध्यमवयीन, बरा खेळणारा पिचर जुलैत घाईतल्या माणसाला द्यायचा आणि त्याच्याकडचा दुर्लक्षित मागायचा.

उलट बाजूने पिट्सबर्गचं पाहा. २०१८ च्या ३१ जुलैला त्यांनी टँपा बेकडून क्रिस आर्चर घेतला. दिलं काय, तर टायलर ग्लासनाऊ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ. तिघांतले दोघे पिचर. त्याच पिट्सबर्गने त्या जानेवारीत गेरिट कोल ह्यूस्टनला दिला होता. २०१७ मध्ये कोलचा ईआरए ४.२६ होता, पण १९६ स्ट्राइकआउट आणि ५५ वॉक. ह्यूस्टनने त्याचा सिंकर (शेवटी खाली उतरणारा चेंडू) कमी करून वरच्या उंचीचा वेगवान चेंडू वाढवला. २०१९ मध्ये त्याने ३२६ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. म्हणजे आपल्याकडचा पिचर विकण्याआधीही हाच प्रश्न स्वतःला विचारा: मी का विकते आहे? चिडून विकत असाल तर आठवडाभर थांबा.

किंमत देताना माझा एकच हट्ट असतो. तीन बरे द्यावेत आणि एक उत्तम घ्यावा, कारण जागा मोजक्या असतात आणि बरे खेळाडू मोसमात कधीही मिळतात. ह्यूस्टनने व्हर्लँडर, कोल आणि २०१९ मध्ये झॅक ग्रिंकी असेच आणले. व्हर्लँडरसाठी तीन तरुण, कोलसाठी चौघे, ग्रिंकीसाठीही चौघे. मात्र त्या तरुणांत एखादा खरा हिरा आहे का, हे कसोशीने बघा. डेट्रॉइटने १९८७ च्या ऑगस्टात डॉयल अलेक्झांडर घेतला. तो ९ जिंकला, एकही हरला नाही, संघ डिव्हिजन जिंकला. बदल्यात अटलांटाला दिलेला वीस वर्षांचा पोरगा होता जॉन स्मोल्ट्झ. तो २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेट्रॉइट चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांना जे हवं होतं ते मिळालं. पण खेळाडू पुढच्या वर्षी राखता येणाऱ्या लीगमध्ये मी विशीतला पिचर शेवटच्या क्षणापर्यंत हातचा ठेवते आणि फलंदाज पुढे करते.

कोपराबद्दल बोलताना मला अजून त्रास होतो. दोन वर्षांपूर्वी मी माझा सगळ्यांत चांगला शॉर्टस्टॉप देऊन एक मोठा पिचर घेतला. आकडे देखणे होते. शेवटच्या तीन सामन्यांत त्याच्या चेंडूचा सरासरी वेग ताशी दीड मैलाने उतरला होता, ते मला दिसलं होतं. थंडीमुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. अडीच आठवड्यांनी टॉमी जॉन शस्त्रक्रियेची बातमी आली. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया केली. कोपराचा फाटलेला लिगामेंट बदलून दुसरीकडचा टेंडन बसवतात, आणि परतायला वर्ष-दीड वर्ष जातं. तेव्हापासून सौदा ठरवण्याआधी मी वेगाचा तक्ता उघडते. एका मैलाहून जास्त उतार दिसला तर त्या दिवशी होकार द्यायचा नाही. आणि सात जणांत कोपराची जुनी तक्रार असलेले दोनच.

मैदानाचंही थोडं बघा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून ५,२८० फुटांवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. तिथल्या पिचरचा ईआरए पाहून नाक मुरडू नका, पण तो तिथेच राहणार असेल तर त्याला घेऊही नका.

वेळ म्हणाल तर मे महिन्याचा दुसरा आठवडा. तोवर प्रत्येकाचे सात-आठ सामने झालेले असतात. एवढ्या थोड्या सामन्यांत ईआरए कुठेही भरकटतो आणि मालक घाबरलेले असतात. मार्चमध्ये प्रत्येकाला आपला पिचर सोन्याचा वाटतो, आणि जुलैअखेर भाव चढलेले असतात.

बोलणी मी लेखी प्रस्तावाने कधीच सुरू करत नाही. आधी विचारते, "तुला यंदा कशाची कमी भासते आहे?" लोक मोकळेपणाने सांगतात. मग माझ्याकडे त्यांच्या उपयोगाचं काय आहे ते मीच दोन पर्यायांत मांडते, आणि दोन्हींत मला हवा असलेला पिचर एकच असतो. पहिला नकार आला की तीन दिवस विषय काढत नाही. गेल्या मेमध्ये पाचव्या जागेचा पिचर मला असाच मिळाला. चौथ्या दिवशी तो सहकारी स्वतःच माझ्या टेबलाशी आला. त्याला कॅचर हवा होता, माझ्याकडे दोन होते. डबा संपेपर्यंत सौदा झाला, आणि संध्याकाळी मी वहीत सातव्या नावापुढे इनिंगचा आकडा भरला.