बारा शब्द कागदावर उतरवले म्हणजे बॅकअप झाला असं नाही

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण स्वतःचं हार्डवेअर वॉलेट (क्रिप्टोच्या गुप्त चाव्या सांभाळणारं छोटं यंत्र) घेऊन माझ्याकडे येतात आणि हॅकरबद्दल विचारतात. मी त्यांना विचारतो, यंत्राने बॅकअप म्हणून दिलेले शब्द कागदावर उतरवलेत, पण त्यांवरून वॉलेट परत उघडून पाहिलंत का? बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, आणि पैसे मात्र टाकून झालेले असतात.

वॉलेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. डब्यात शब्द आधीच छापलेले असतील तर ते यंत्र वापरू नका, कारण ते शब्द दुसऱ्या कुणाकडे आहेत. फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, पिन ठेवा.

आता यंत्र १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवेल. तुमच्या सगळ्या खासगी चाव्या, म्हणजे पैसे पाठवण्याचा हक्क देणारे गुप्त आकडे, याच शब्दांतून तयार होतात. ज्याच्या हाती शब्द, त्याचे पैसे. त्याला तुमचं यंत्रही लागत नाही आणि पिनही. शब्द बॉलपेनने, सुट्या कॅपिटल अक्षरांत, प्रत्येकापुढे क्रमांक घालून लिहा. देवनागरीत लिहू नका, स्पेलिंग हरवतं. जोडून लिहिलेल्या अक्षरांत ‘वॉल’ (wall) आणि ‘विल’ (will) सारखेच दिसतात, आणि यंत्र ज्या ठरलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतून शब्द घेतं तिच्यात दोन्ही आहेत. पहिली चार अक्षरं तरी स्वच्छ हवीतच. तेवढ्यावरून यादीतला कुठलाही शब्द नक्की ओळखता येतो.

फोटो काढू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःला पाठवू नका, मेलच्या ड्राफ्टमध्ये ठेवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने उघड केलेलं स्पार्ककॅट हे मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) गॅलरीतल्या फोटोंमधला मजकूर वाचून नेमके हे शब्द शोधत होतं. ते सापडलं गूगल प्ले आणि अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधल्या अ‍ॅप्समध्ये.

यापुढची पायरी लोक गाळतात. मीही गाळली होती. पहिल्या वॉलेटचे बारा शब्द मी सहा-सहाच्या दोन रांगांत, वरून खाली लिहिले होते, क्रमांक न घालता. वर्षभराने यंत्र बिघडलं, नवं आणलं आणि शब्द भरताना आडवे वाचले. यंत्राने ते बिनतक्रार स्वीकारले आणि शिल्लक शून्य दाखवली. तीन दिवस मी चोरी झाली असं धरून चाललो होतो. चौथ्या दिवशी कागद हातात घेतला तेव्हा क्रम लक्षात आला.

चुकीचे शब्द यंत्राने घेतलेच कसे? शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो, पण बारा शब्दांत तो फक्त चार बिटांचा, म्हणजे त्याच्या सोळाच शक्यता. त्यामुळे चुकीच्या क्रमांपैकी साधारण सोळात एक पडताळणीतून पार होतो आणि एक वेगळंच, रिकामं वॉलेट उघडतं. चोवीस शब्दांत हे प्रमाण २५६ मध्ये एक. म्हणून ‘शब्द बरोबर आहेत’ हा संदेश पुरावा मानू नका. पत्ता, म्हणजे पैसे घेण्यासाठी वॉलेट दाखवतं ती अक्षरं-आकड्यांची ओळ, जुळला पाहिजे.

तो असा जुळवा. वॉलेट नवं असतानाच पैसे स्वीकारण्याचा पहिला पत्ता लिहून ठेवा आणि त्यावर अगदी किरकोळ रक्कम मागवा. मग यंत्र पूर्ण पुसा. हो, पुसाच. इथे हात थरथरतो, म्हणूनच हे मोठी रक्कम येण्याआधी करायचं. आता फक्त कागद बघून, यंत्राच्याच पडद्यावर शब्द भरा. संगणकाच्या कीबोर्डवर किंवा कुठल्याही वेबसाइटवर कधीही नाही. पहिला पत्ता अक्षरन् अक्षर तोच आला पाहिजे. आलेली रक्कम परत पाठवून बघा. गेली, तर बॅकअप झाला. पत्ता वेगळा आला तर सगळं नव्याने, नव्या शब्दांसह करा. जुना कागद जाळून टाका.

अर्धे शब्द घरी आणि अर्धे भावाकडे ठेवा, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. दोन्हीपैकी एक कागद गेला तरी सगळं गेलं; धोका दुप्पट होतो. त्यापेक्षा पूर्ण शब्दांच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत, कुलपात ठेवा. त्यातली एक स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्या, आणि ठोकायचं काम स्वतः करा, दुकानात देऊ नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या चिपळूणला तळमजल्यावरची कपाटं बुडाली, आतल्या कागदांचा लगदा झाला. तेव्हापासून नुसत्या कागदावर माझा भरवसा नाही.

घरातल्या एका विश्वासू माणसाला शब्दांच्या कागदाचं पाकीट कुठे आहे आणि ते काय आहे, हे सांगा. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, तिच्यातल्या चावीवर हजारो बिटकॉइन अडकले आहेत. आपल्याकडे दिवाळीच्या साफसफाईत अनोळखी कागद थेट रद्दीत जातो. मी पाकिटावर ‘टाकू नये, आधी मला विचारा’ असं मराठीत ठळक लिहून ठेवलंय, आणि दर दिवाळीला ते उघडून अक्षरं अजून वाचता येतात का ते बघतो.