बोर्डवॉकवरून घरी आलेला हर्मिट क्रॅब कसा जगवावा

उन्हाळ्यात न्यू जर्सीच्या समुद्रकाठी बोर्डवॉकवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या लाकडी फळ्यांच्या रस्त्यावर, फिरायला गेलं की एखाद्या दुकानाबाहेर जाळीच्या पिंजऱ्यात रंगीत शंखांचा ढीग हलताना दिसतो. कुणावर फुटबॉल रंगवलेला, कुणावर सुपरहिरोचा चेहरा. आत असतो हर्मिट क्रॅब, रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा. पोरं हट्ट धरतात आणि खेकडा, पिंजरा, स्पंज नि खड्यांची पिशवी असा सगळा लवाजमा घरी येतो. आमच्याकडे पांडू असाच आला. "ह्याचं काही करावं लागत नाही," असं दुकानदार म्हणाला होता. आम्ही काही केलं नाही, आणि दोन महिन्यांच्या आत पांडू गेला. दुसऱ्या खेपेला मात्र आधी शिकून घेतलं.

असा विकला जाणारा खेकडा बहुधा कॅरिबियन किनाऱ्यावरचा असतो. डावा डेंगा मोठा आणि जांभळा, ही त्याची खूण. राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ले ओलसर राहिले तरच ते काम करतात. कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो. म्हणून पहिलं काम, जाळीचा पिंजरा बाद करा. त्या पिंजऱ्यात ओल टिकतच नाही.

त्याऐवजी काचेची टाकी घ्या. दोन लहान खेकड्यांना १० गॅलनची कशीबशी पुरते, २० गॅलनची (साधारण ७५ लिटर) घेतलीत तर पुन्हा खर्च नको. वर काचेचं किंवा अ‍ॅक्रिलिकचं झाकण हवं. एकटा खेकडा ठेवू नका, हे प्राणी कळपाने राहणारे.

आता वाळू. इथे कंजुषी केली की बाकी सगळं फुकट. खेळायच्या वाळूचे पाच भाग आणि कोकोपीटचा एक भाग एकत्र करून क्लोरीन काढलेल्या पाण्याने भिजवा. मुठीत घेतली तर लाडू वळला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. थर किमान सहा इंच, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. रंगीत खडे कुंडीत टाका.

टाकीतलं तापमान २४ ते २९ अंश सेल्सिअस (७५ ते ८५ फॅरनहाइट) आणि आर्द्रता ७५ ते ८५ टक्के ठेवायची. डिजिटल मीटर आत लावा, अंदाजावर जाऊ नका. थंडीत घर गार पडतं आणि हीटिंग सुरू झालं की हवाही कोरडी होते. तेव्हा ऊब टिकवायला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, लागते. ती मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा. टाकीखाली ठेवली तर वाळूत पुरून बसलेला खेकडा भाजून निघेल.

पाण्याच्या दोन वाट्या हव्यात, एक गोड्या पाण्याची, एक खाऱ्या. दोन्हींत खेकड्याला पूर्ण बुडता यावं आणि बाहेर चढायला दगड किंवा जाळी असावी. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला त्यात मत्स्यालयाचं वॉटर कंडिशनर घाला. खारं पाणी करायला समुद्री मत्स्यालयाचंच मीठ लागतं, स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ चालत नाही.

'घर पाहावं बांधून' म्हणतात. हा गडी बांधत काहीच नाही, नुसती घरं पाहत फिरतो. आत शिरून, फिरवून, मोजून बघतो आणि पुन्हा जुन्यातच परततो. त्यामुळे दर खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख टाकीत असू द्या, तोंड आताच्या शंखाएवढं किंवा किंचित मोठं. ह्या जातीला गोल तोंडाचे टर्बो शंख आवडतात. रंगवलेले अजिबात नकोत, रंगाचे पापुद्रे पोटात जातात. आणि खेकड्याला कधीही ओढून शंखाबाहेर काढू नका. तो तुटेल, पण पकड सोडणार नाही.

खाण्याच्या बाबतीत मराठी घराला फारशी पंचाईत नाही. ओल्या खोबऱ्याचा तुकडा, पपई, आंबा, गाजर, उकडलेलं अंडं त्याच्या कवचासकट, आणि इंडियन स्टोअरमधला जवळा. फक्त तो बिनमिठाचा आहे ना, ते बघून घ्या. मीठ-मसाला-फोडणी आपल्यापुरती. कवचासाठी कॅल्शियम लागतं, म्हणून समुद्रफेणीचा (कटलबोनचा) तुकडा कायम आत असू द्या. खेकडे रात्री फिरतात, तेव्हा खाणं संध्याकाळी ठेवा आणि उरलेलं सकाळी काढा.

घरात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. डास-झुरळांची फवारणी, कॉइल, लिक्विड मशीन टाकीच्या खोलीत बंद. कीटक मारणारं औषध खेकड्यालाही मारतं.

सगळं जमलं की एक दिवस खेकडा गायब होतो. घाबरू नका, तो कात टाकायला वाळूत गेलाय. लहान खेकडा महिना-दोन महिने आत राहतो, मोठा त्याहून कितीतरी जास्त. जुनी कात तो स्वतःच खातो, त्यातूनच नवं कवच कडक होतं. ह्या काळात अंग मऊ असतं, उकरलंत तर माराल तुम्हीच त्याला. आमच्या लेकीने चमचा घेऊन तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चमचा जप्त झाला. वाळूतून सडलेल्या मासळीचा उग्र वास येऊ लागला, तरच शंका घ्यावी.

कोकणात सुट्टीला गेल्यावर ओहोटीच्या डबक्यांत शंख पाठीवर घेऊन पळणारे चिमुकले खेकडे दिसतात. ते बहुतेक समुद्राच्या पाण्यातच जगणारे असतात, ह्या टाकीत टिकणार नाहीत. किनाऱ्यावरचा शंख खिशात टाकण्याआधी आत कुणी नाही ना, तेवढं बघा.

आणि सुट्टीला निघताना घराचा थर्मोस्टॅट खाली आणला, तरी टाकीची हीट मॅट चालू ठेवा. झाकण घट्ट, वाट्या भरलेल्या, आणि दोन-तीन दिवसांनी डोकावून खाणं बदलणारं कुणीतरी. त्या माणसाला जाताना बजावून जा, खेकडा दिसला नाही तरी उकरायचं नाही.