फ्लॅटमधील आवाज अडवताना डॅम्पिंगचे साहित्य कुठे लावावे, कुठे लावू नये

घरात आवाजाचा त्रास सुरू झाला की बहुतेक जण थेट दुकान गाठतात आणि टोकदार फोमच्या लाद्या किंवा जाड रबराचा एखादा रोल घेऊन येतात. तो भिंतीवर चिकटवला जातो, खोलीतला आवाज थोडा निराळा वाटू लागतो, पण शेजारचा टीव्ही पूर्वीइतकाच ऐकू येत राहतो. यात साहित्याचा दोष नसतो. ते चुकीच्या जागी लागलेले असते. फोम खोलीच्या आतला घुमारा कमी करतो, भिंत ओलांडून येणारा आवाज तो अडवू शकत नाही. डॅम्पिंग म्हणजे कंप जिरवणे; डॅम्पिंगची शीट पातळ, लवचिक पृष्ठभागाचा कंप जिरवते. जो पृष्ठभाग मुळातच जड आणि ताठ आहे, त्यावर ती लावून फारसे काही साधत नाही.

हे एका साध्या हिशोबाने पटेल. साडेचार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. बाजारात मिळणारी ३ मिलिमीटर जाडीची जड व्हिनाइल शीट त्याच क्षेत्रफळात जवळपास ५ किलो भरते. भिंतीचे वजन दुप्पट केले तर आवाज ५ ते ६ डेसिबलने जास्त अडतो, आणि ३ डेसिबलपेक्षा लहान फरक कानाला जेमतेम कळतो. तेव्हा २५० किलोंत ५ किलोंची भर घालून काय मिळणार, हे उघड आहे. तीच शीट १२.५ मिलिमीटरच्या जिप्सम बोर्डाला लावली, तर ८-९ किलोंच्या बोर्डाचे वजन एकदम निम्म्याहून अधिक वाढते, आणि तेथे मात्र तिचा उपयोग होतो.

आवाज येतो कुठून

खरेदीच्या आधी दोन-तीन रात्री नीट ऐकण्यात घालवाव्यात. बोलणे, टीव्ही, रहदारी, भोंगे हे हवेतून येणारे आवाज होत. वरच्या मजल्यावरची पावले, ओढलेली खुर्ची, खलबत्ता, घरघंटी, ड्रिल हे स्लॅब, बीम आणि खांबांतून पसरणारे आवाज होत. पहिल्या प्रकाराला वजन आणि हवाबंदपणा लागतो, दुसऱ्याला कंपाची वाट तोडावी लागते. पंखे बंद करून भिंतीला, खिडकीच्या चौकटीला, स्विचबोर्डाला आळीपाळीने कान लावला की कोणत्या जागी आवाज स्पष्ट होतो हे कळते. दारासाठी याहून सोपी परीक्षा आहे: खोलीत अंधार करावा आणि घरातल्या कोणाला तरी बाहेरून मोबाइलचा टॉर्च दाराच्या कडेकडेने फिरवायला सांगावे. जेथून उजेड आत येतो, तेथून आवाजही येतोच. मोबाइलवरील डेसिबल मोजणारी ॲप अचूक नसतात, परंतु एकाच जागी, एकाच फोनवर, कामाच्या आधी आणि नंतर मोजले तर तुलनेपुरता आकडा मिळतो.

आधी फटी

भिंतीच्या एकूण क्षेत्रफळाचा केवळ एक टक्का भाग उघडा राहिला, तर उरलेली भिंत कितीही जाड असली तरी एकंदरीत २० डेसिबलच्या आसपासच आवाज अडतो. सात फूट उंच आणि तीन फूट रुंद दाराखालची अर्ध्या इंचाची फट त्या दाराच्या अर्ध्या टक्क्याहून मोठी असते. जुन्या घरांत उंबरठा ही फट आपोआप बुजवत असे. नव्या फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना उंबरठाच नसतो. म्हणून दाराच्या तळाला, दार मिटताच खाली उतरणारी रबरी पट्टी बसवावी आणि चौकटीच्या तिन्ही बाजूंना गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी मऊ रबरी पट्टी, लावावे. दार आतून पोकळ असेल, तर भरीव फ्लश डोअर बसवण्याचा खर्च भिंतीवरील कोणत्याही खर्चाआधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रस्त्याचा आवाज बहुतेक वेळा खिडकीतूनच येतो. रहिवासी भागासाठी ध्वनी प्रदूषण नियम, २००० मध्ये दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मोठ्या रस्त्यालगतच्या घरांना ती पाळली जाण्याची वाट पाहत बसता येत नाही. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या झडपा एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, त्यांच्यामधली लोकरी पट्टी धूळ अडवते, आवाज नव्हे. रबरी गॅस्केट असलेली आणि बाहेर किंवा आत उघडणारी खिडकी कितीतरी सरस ठरते. काच लॅमिनेटेड घ्यावी. साधी ६ मिलिमीटरची काच २००० हर्ट्झच्या आसपास आवाजाला फारसा विरोध करत नाही. लॅमिनेटेड काचेच्या दोन थरांमधील मऊ पापुद्रा नेमका तेथेच कंप जिरवतो, म्हणजे डॅम्पिंगचेच काम करतो. जुनी खिडकी काढायची नसेल, तर तिच्या आतल्या बाजूला चार इंच अंतर सोडून दुसरी खिडकी बसवता येते. मात्र स्वयंपाकघराची आणि गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराची हवा कधीही बंद करू नये; तेथील जाळी आणि फट जिवाच्या सुरक्षिततेसाठी असते.

शेजाऱ्यांच्या भिंतीत दोन्ही बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवलेले असतील, तर मधल्या जागेत विटेचा तुकडाही शिल्लक नसतो. वीज बंद करून, वायरमनकडून बोर्ड उघडून घेऊन पेटीच्या मागची पोकळी सिमेंटने भरून घ्यावी.

भिंत

फटी बुजवूनही शेजारचे बोलणे ऐकू येत असेल, तर भिंतीसमोर दुसरी, तिला न टेकणारी भिंत उभी करणे हाच भरवशाचा उपाय आहे. हल्लीच्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक छिद्रांमुळे हलक्या असलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, असतात. १०० मिलिमीटरची अशी भिंत गिलावा धरून चौरस मीटरला जेमतेम १०० किलो भरते, त्यामुळे तेथे हा उपाय विशेष जाणवतो.

कारागीर सहसा सुचवतात ते असे, की भिंतीवर इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या ठोकाव्यात आणि त्यांवर एक बोर्ड मारावा. हे करू देऊ नये. बोर्ड आणि भिंत यांमधली कोंडलेली हवा स्प्रिंगप्रमाणे वागते, आणि एका बोर्डामागे इंचभर पोकळी असली की त्या जोडीचा स्वतःचा कंप १२० हर्ट्झच्या आसपास येतो. डग्गा, टीव्हीचा खर्ज, पुरुषी आवाजाचा खालचा भाग याच टापूत असल्यामुळे तो पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येऊ लागतो. दोन बोर्ड आणि तीन इंचांची पोकळी ठेवली, तर हाच आकडा ५० हर्ट्झच्या जवळ उतरतो आणि रोजचे बहुतेक आवाज त्याच्या बरेच वर राहतात.

त्यासाठी जमिनीला आणि छताला जीआय चॅनेल, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पन्हळी, बसवावेत, आणि भिंतीपासून ते २५ मिलिमीटर दूर असावेत. चॅनेलखाली दाट फोमची किंवा रबराची पट्टी अंथरून मगच स्क्रू मारावेत. त्यांत ५० मिलिमीटरचे स्टड, म्हणजे बोर्डांना धरणाऱ्या उभ्या पट्ट्या, उभे करावेत. दोन स्टडमध्ये ६०० मिलिमीटर अंतर चालते, पण उंची नऊ फुटांहून जास्त असेल तर ते ४०० पर्यंत कमी करावे किंवा ७० मिलिमीटरचे स्टड घ्यावेत. स्टडचा कोणताही भाग जुन्या भिंतीला क्लिपने किंवा खिळ्याने जोडू नये. एका जागी जरी जोड राहिला तरी कंपाला वाट मिळते. पोकळीत दर घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) सैलसर भरावे, दाबून कोंबू नये. हे करताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कारण त्याचे तंतू त्वचेला आणि घशाला झोंबतात. अंड्यांचे ट्रे आणि साधा पीयू फोम पोकळीत घालू नये. आवाजाला त्यांचा उपयोग नाही आणि आग मात्र ते वेगाने पसरवतात.

आता डॅम्पिंगची खरी जागा येते. पहिला १२.५ मिलिमीटरचा बोर्ड स्टडवर बसवावा. दुसऱ्या बोर्डाच्या पाठीवर चिकट पण कायम मऊ राहणारे डॅम्पिंगचे संयुग वेड्यावाकड्या रेषांत पसरावे, कडेला दोन-तीन बोटे जागा कोरडी ठेवावी, आणि बोर्ड पहिल्यावर स्क्रूने बसवावा. दोन्ही थरांचे सांधे एकावर एक येता कामा नयेत. आवाजाने बोर्ड वाकू लागले की मधला मऊ थर दोन्हींमध्ये घासला जातो आणि कंपाची ऊर्जा अतिशय सूक्ष्म उष्णतेत बदलते. म्हणूनच येथे फेव्हिकॉल, पीओपी किंवा कोणताही कडक होणारा गोंद वापरू नये. त्याने दोन बोर्डांचा मिळून एकच ताठ बोर्ड होतो आणि घर्षणाला जागाच उरत नाही. संयुग पूर्ण स्थिरावायला काही आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्री निराश होण्याचे कारण नाही. संयुग मिळाले नाही तर दोन बोर्डांमध्ये ५ किलोंची व्हिनाइल शीट घालावी. ती डॅम्पिंग कमी देते, पण वजन वाढवते.

बोर्डांच्या चारही कडांना ३ ते ५ मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवावी आणि ती ॲक्रिलिक सीलंटने काठोकाठ भरावी. सफाई छान दिसावी म्हणून कारागीर ही फट पीओपीने लिंपतात. इमारतीच्या बारीक हालचालींनी पीओपीला केसाएवढी चीर पडते आणि एवढ्या खर्चाची भिंत त्या चिरेतून गळू लागते. रंग लागण्याआधी ही कड स्वतः बोट फिरवून तपासावी. नव्या भिंतीवर टीव्ही टांगू नये, आणि शक्यतो तिच्यात स्विचबोर्डही कापू नये.

एवढे करून भिंत खोलीतली चार इंच जागा घेते. आवाज १० डेसिबलने उतरला तर कानाला तो निम्मा झाल्यासारखा वाटतो, आणि नीट केलेल्या कामातून हलक्या भिंतीवर तेवढी अपेक्षा धरता येते. उरलेला आवाज स्लॅब आणि बाजूच्या भिंतींमधून वळसा घालून येतो. त्या एका भिंतीवर आणखी थर चढवत राहून तो थांबत नाही.

छत आणि जमीन

वरच्या मजल्यावरची पावले हा सर्वांत चिवट त्रास, आणि त्यावरचा खरा उपाय वरच्या घरातच आहे. तेथे लादीवर जाड सतरंजी किंवा अस्तर लावलेला गालिचा, खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे तुकडे, घरघंटी आणि वॉशिंग मशीनच्या पायांखाली जाड रबरी पॅड, आणि कुटताना खलबत्त्याखाली कापडाची चौपदरी घडी, एवढ्याने जे साधते ते खालच्या घरात हजारो रुपये घालूनही साधत नाही. वरच्यांशी सलोख्याने बोलून, प्रसंगी पॅडचा खर्च आपण उचलून, हे करून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

ते शक्य नसेल तर फॉल्स सीलिंग करावे लागते, परंतु ताठ जीआय पट्ट्यांवर टांगलेले नेहमीचे सीलिंग पावलांचा ठोका सरळ खाली आणते. त्याऐवजी रबर किंवा स्प्रिंग असलेले हँगर घ्यावेत, ते अँकर फास्टनरने स्लॅबमध्ये बसवावेत, वर ग्लासवूल आणि खाली संयुगासह दोन बोर्ड असा भिंतीसारखाच क्रम ठेवावा. सीलिंगच्या कडा भिंतीला टेकवू नयेत. पंख्याचा दांडा बोर्डाला स्पर्श न करता आरपार जावा, आणि बोर्डात दिव्यांसाठी भोके पाडू नयेत. वर न्हाणीघर असेल किंवा स्लॅबला ओल असेल, तर एक पावसाळा जाऊ देऊन, गळती बंद झाल्याची खात्री करून मगच हे काम हाती घ्यावे. झाकलेल्या स्लॅबमधील गंजलेली सळई दिसत नाही.

आपल्या घरातून खाली जाणारा आवाज, उदाहरणार्थ तबल्याचा रियाज, कमी करायचा असेल तर लादीखाली ५ ते १० मिलिमीटरचा रबरी किंवा दाट फोमचा थर, त्यावर कोबा आणि मग लादी अशी तरती जमीन करतात. थर भिंतीलगत वर वळवावा, नाहीतर लादीची कड आणि स्कर्टिंग भिंतीला भिडून सर्व कष्ट वाया जातात. दोन इंचांचा कोबा चौरस मीटरला ११० किलोंच्या घरात जातो, आणि राहत्या खोल्यांसाठी वापराचा भारच मुळी २०० किलो धरलेला असतो. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी सल्ला आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय तो ओतू नये. रियाजापुरते असेल तर जाड रबरावर दोन थरांची प्लायवूडची बैठक आणि वर सतरंजी पुरेशी होते.

कोकणात किंवा गच्चीवरील खोलीवर पत्र्याचे छप्पर असेल, तर तेथे मात्र डॅम्पिंगची शीट थेट चिकटवावी, कारण पातळ पत्रा हाच तिचा योग्य पृष्ठभाग आहे. ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल (एक प्रकारचे चिकट रबर) शीट घ्यावी. डांबरी शीट उन्हाळ्यात मऊ होऊन ओघळते. पत्र्याच्या खालच्या बाजूचा गंज घासून, तेलकटपणा पुसून, दोन आधारांच्या मधल्या भागात शीट लावून लहान रोलरने घट्ट दाबावी. संपूर्ण पत्रा झाकण्याची गरज नसते, मधला सर्वांत जास्त थरथरणारा भाग झाकला की पावसाच्या सरींचा ताशा बराच उतरतो. हे काम मार्चआधी, सकाळच्या थंड वेळेत उरकावे; पत्रा तापला की डिंक नीट धरत नाही आणि पावसाळ्यात पत्रा पूर्ण कोरडा मिळत नाही.