किचनची चिमणी : नुसती जाळी धुवून भागत नाही
जाळी घासून लावली की चिमणी साफ झाली असं आपल्याला वाटतं, पण खरी भानगड डक्टमधे, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपात असते. आपल्या खान्देशात शेवभाजी, काळ्या मसाल्याचा तर्रीवाला रस्सा, म्हणजे तेलाची वाफ भरपूर आणि ती सगळी पाइपात जाऊन चिकटते, खालून मोठा जाळ गेला तर ते तेल पेटू शकतं. ऑटोक्लीनवाल्यांनी पण निवांत राहू नये, ते बटण आतल्या पंख्याजवळचं तेल वितळवतं, डक्ट नाही साफ करत. आणि भरताची वांगी चिमणीखाली भाजूच नका, अंगणात काड्यांवर भाजा, चव पण तिथलीच खरी!

वर्षातून एकदा, जमलं तर दिवाळीच्या फराळाआधी, कंपनीचा माणूस बोलवा. वरवर पुसून पावती फाडणारेही असतात म्हणून समोर उभं राहून डक्ट काढायला लावा, टॉर्च मारून आत बघा, पाइप कुठे दबलाय का, बाहेरच्या तोंडाशी पाखरांनी घरटं केलंय का, मोटरची वायर तेलाने चिकट झालीय का, प्लगला अर्थिंग आहे का ते सगळं विचारा. पीव्हीसी पाइप लावला असेल तर काढूनच टाका. शेगडीपासून अंतर साधारण दोन-अडीच फूट लागतं, नक्की किती ते मॉडेलच्या पुस्तकात असतं.

गॅसची सुरक्षा नळी पण त्याच दिवशी बघून घ्या, वर तारीख छापलेली असते, 5 वर्षांनी बदलायची.