कार्ड उघडण्याआधी एसएमपीएस तपासा

गेमिंग पीसी दुरुस्तीचं काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी बोलायला लावतो. गिऱ्हाईक म्हणतं, "गेम खेळताना पीसी बंद पडतो." बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं, हे खोदून विचारायचं. सगळं फटकन विझून पीसी आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर घ्या. स्क्रीन काळी झाली पण पंखे फिरतायत, हेडफोनमध्ये आवाज येतोय, तर ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा कार्डाला जाणारी वायर बघायची. रंगीत चौकोन आणि पट्टे अगदी बायोसमध्येही, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवरही दिसत असतील, तर मॉनिटर आणि केबल बदलून बघा. तरी तेच दिसलं तर ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका, बहुतेक वेळा कार्डाची मेमरी किंवा चिपच गेलेली असते.

विंडोजच्या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' दिसलं की नवी मुलं लगेच एसएमपीएस बदलायला सांगतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते, की पीसी नीट बंद न होता अचानक बंद झाला. कारण तिच्यात नसतं. ४१०१ ही नोंद असेल, तर डिस्प्ले ड्रायव्हर अडकून पुन्हा सावरला आहे. मग सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकायचा.

आता वॅटचा हिशोब. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या पॉवर वायरीतून ७५ आणि ८ पिनच्या वायरीतून १५०. आरटीएक्स ३०८० कार्डाची अधिकृत गरज ३२० वॅट. पण खेळातलं दृश्य एकदम बदललं की हे कार्ड काही क्षणांपुरतं त्याहून बरंच जास्त ओढतं. तो झटका सोसला नाही की एसएमपीएसचं संरक्षण त्याला बंद करतं. कार्डावर ताण देऊन बघायचा फरमार्क हा प्रोग्राम अर्धा तास बिनघोर चालतो आणि गेम मात्र पाच मिनिटांत पीसी पाडतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं, कारण फरमार्कचा लोड एकसारखा असतो. एसएमपीएससाठी २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकाने म्हणूनच १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट लोड झेलण्याची अट घातली. डब्यावरच्या '८० प्लस गोल्ड'वर विसंबू नका. तो शिक्का विजेच्या बचतीचा आहे, संरक्षणाबद्दल तो काही सांगत नाही.

हिरवी आणि काळी वायर जोडून एसएमपीएसचा पंखा फिरला म्हणजे तो ठीक आहे, हा समज सोडून द्या. लोड चालू असताना मल्टिमीटरवर १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहायला हवी. एसएमपीएस स्वतः उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जवळजवळ ४०० व्होल्ट शिल्लक असू शकतात.

खात्रीची परीक्षा एकच, चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघणं. आणि त्याच्याच वायरींसह, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या वायरींचं एसएमपीएसकडचं टोक कंपनीगणिक वेगळं जोडलेलं असतं. प्लग मात्र बेमालूम बसतो. वायरिंग आधीच सुरेख लपवलंय म्हणून एका मुलाच्या मित्राने जुन्याच वायरी ठेवून त्याचा एसएमपीएस बदलला. एसएसडी आणि हार्ड डिस्क, दोन्ही गेल्या. आईबाबांचे फोटो त्यात होते, ते परत मिळाले नाहीत.

भिंतीकडेही बघा. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासायला सांगा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, त्यावर मोठं कार्ड टिकणार कसं?

कार्ड लावल्यावर पंखे जेमतेम हलून थांबतात आणि कार्ड काढताच पीसी सुरू होतो, असं असेल तर कार्डावर शॉर्ट आहे. पुन्हा पुन्हा लावून बघू नका. कार्ड बाहेर काढून १२ व्होल्टची पिन आणि ग्राउंड यांमधला रोध मोजा. तो शून्याजवळ आला तर बऱ्याचदा एखादा मॉसफेट (विजेचा छोटा इलेक्ट्रॉनिक स्विच) गेलेला असतो, आणि तो बदलता येतो. मुख्य चिपच्या लाइनवर मात्र मोठ्या कार्डांत एक ओहमपेक्षा कमी रोध निरोगी असतानाही दिसतो. इथे घाई करून चांगली चिप मेली असं सांगितलं, तर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये पाण्यात जातात.

कार्ड ओव्हनमध्ये भाजायचं का, असं हमखास विचारलं जातं. भाजलेलं कार्ड चालतंही, पण काही दिवसच, म्हणूनच त्याचे पैसे घेऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

हॉट एअर स्टेशन, म्हणजे गरम हवेने बोर्डावरचे भाग काढायचं यंत्र, नंतर घ्या. सुरुवातीला चांगला मल्टिमीटर, ८५० वॅटचा भरवशाचा एसएमपीएस आणि जास्तीच्या पॉवरची जोडणी न लागणारं एखादं जुनं कार्ड एवढं जमवा. एसएमपीएसच्या वायरी त्याच्याच पिशवीत ठेवा, वर नाव लिहून.