वेकसर्फिंग शिकवायचं तर आधी थ्रॉटलवरचा हात सुधारा

आमच्या घरात बोट मी चालवते. नवरा, थोरली, धाकटा आणि सुट्टीला येणारा दीर आळीपाळीने पाण्यात उतरतात, आणि सासूबाई माझ्या शेजारी मागे तोंड करून बसतात, पाण्यातल्या माणसावर नजर ठेवायला. एवढ्या जणांना लाटेवर उभं केल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. नवखा माणूस उभा राहणार की पाण्यात आपटणार, हे त्याच्या पायांपेक्षा बोट चालवणाऱ्याच्या थ्रॉटलवरच्या, म्हणजे वेग कमी-जास्त करायच्या दांड्यावरच्या, हातावर जास्त अवलंबून असतं. म्हणून हे सगळं मी मुख्यतः स्टीअरिंगवर बसणाऱ्यासाठी लिहिते आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: बोट हळू चालते, तिच्या मागे मोठी लाट उठते, सर्फर आखूड दोरीच्या आधाराने बोर्डवर उभा राहतो आणि लाटेने ढकलायला सुरुवात केली की दोरी सोडून देतो. वेग जेमतेम ताशी १६ ते १९ किलोमीटर. वॉटर स्कीइंगच्या मानाने हे फारच सावकाश, म्हणून तर लहानथोर सगळ्यांना जमतं.

पण लोक या कमी वेगाला भुलतात. सर्फर बोटीच्या मागे अगदी दोन-तीन मीटरवर असतो, म्हणून बोट कुठली हा पहिला प्रश्न, आणि इथे मी कुणाशीच तडजोड करत नाही. आउटबोर्ड इंजिनाच्या किंवा स्टर्नड्राइव्हच्या बोटीमागे वेकसर्फिंग करायचं नाही. त्यांचा प्रोपेलर बोटीच्या मागच्या कडेच्या बाहेर फिरत असतो आणि लाटेने पुढे ढकललेला माणूस थेट त्याच्यावर जाऊ शकतो. इनबोर्ड बोट हवी. तिचा प्रोपेलर तळाखाली, बराच आत असतो. वेकसर्फिंगच्या बहुतेक बोटींत व्ही-ड्राइव्ह, म्हणजे इंजिन अगदी मागे ठेवलेली इनबोर्ड रचना, असते. व्होल्वो पेंटाने २०१५ मध्ये आणलेल्या फॉरवर्ड ड्राइव्हमध्ये प्रोपेलर पुढच्या बाजूला तोंड करून बसवलेले असतात, तेही चालतं. ‘एकदाच, हळू नेतो, काही होत नाही’ म्हणणारा भेटला तर पोरांना घेऊन सरळ घरी या.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो; त्याला रंग नाही, वास नाही. बोट हळू चालत असताना मागच्या कडेपाशी हवेचा दाब कमी होतो आणि तो वायू तिथेच घुटमळत राहतो. त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत मागच्या प्लॅटफॉर्मवर कुणीही बसायचं नाही, पाय सोडायचे नाहीत, धरून लटकायचं तर नाहीच नाही. प्लॅटफॉर्मला धरून बोटीमागे ओढलं जाण्याच्या खेळात माणसं दगावली आहेत, आणि कॅलिफोर्नियात तो प्रकार २००५ पासून कायद्याने बंद आहे. मागच्या सीटवर बसलेल्या पोराचं डोकं दुखायला लागलं किंवा त्याला मळमळलं, तर ‘बोट लागली’ म्हणून सोडून देऊ नका. इंजिन बंद करा, त्याला पुढे मोकळ्या हवेत न्या आणि डॉक्टरांची मदत मिळवा. बोटीवर या वायूचा डिटेक्टर बसवलेला असावा आणि तो चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी बघावं.

आता जागा. काठापासून लांब आणि खोल पाणी. ही बोट मागून खाली दबलेली चालते, प्रोपेलरचा झोत तळाकडे जातो, आणि उथळ पाण्यात तो चिखल व पाणवनस्पती उचकटतो. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमाप करून सांगितलं की या बोटींच्या लाटा पुरेशा ओसरायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. वर्माँट राज्याने २०२४ पासून तोच आकडा नियमात घातला: काठापासून ५०० फूट आणि खोली किमान २० फूट. तुमच्या तलावाचा नियम वेगळा असेल तर तो पाळाच, पण नियम नसेल तिथे मी हेच आकडे धरते. काठाला बांधलेली दुसऱ्याची होडी आपल्या लाटेने आपटावी, हे मला पटत नाही.

लाट कशी घडते हे समजलं की चालवणं निम्मं सोपं होतं. बोट जितकी खोल बसेल तितकं जास्त पाणी बाजूला सारते, आणि ते पाणी मागे परत मिळतं तिथे लाट उठते. म्हणून बोटीच्या पोटातल्या टाक्यांत पाणी भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. नव्या बोटींच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी अडवणाऱ्या पट्ट्या असतात. बटण दाबलं की हव्या त्या बाजूची लाट स्वच्छ होते आणि बोट सरळ ठेवता येते. अशी सोय नसेल तर ज्या बाजूला सर्फर असेल त्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात, वजन वाढवून बोट थोडी कलती करावी लागते. मागे वजन जास्त झालं की लाट उंच पण आखूड होते. पुढे थोडं वजन ठेवलं की ती लांबते, आणि नवख्याला उंच लाटेपेक्षा लांब लाट मानवते. दीर नुसता एका सीटवरून दुसऱ्या सीटवर सरकला तरी मागच्या लाटेचा माथा बदललेला मला आरशात दिसतो. त्यामुळे कुणी पाण्यात असताना बोटीतल्यांनी जागा बदलायची नाही, हा आमच्याकडे नियम आहे. माणसं, पाणी, सामान सगळं मिळून बोटीवरच्या पाटीत लिहिलेल्या वजनाच्या आत राहिलं पाहिजे.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. बोर्ड नवख्यासाठी जाड आणि मोठ्या फिनचा (तळाला असलेल्या पंखासारख्या पात्याचा) सर्फ-स्टाइल घ्या, सर्फरच्या वजनाच्या तक्त्यात बसणाऱ्यातला मोठा. पातळ, लहान फिनचा स्किम-स्टाइल नंतर. दोरी वेकसर्फिंगचीच हवी, साधारण सहा मीटरची आणि जाड. हँडल लहान असतं ते मुद्दाम, हात किंवा डोकं त्यात अडकू नये म्हणून. दोरी मनगटाला गुंडाळायची नाही. लाइफ जॅकेट मान्यताप्राप्त असावं. लहान मुलाला घातल्यावर दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचलून बघा. ते हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं होतंय, दुसरं घ्या.

पाण्यात जाण्याआधी दोन गोष्टी जमिनीवर उरकायच्या. एक, कुठला पाय पुढे. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरायला सांगा; आपोआप जो पाय पुढे जातो तोच बोर्डवर पुढे. डावा पुढे असेल तर बोटीच्या डाव्या बाजूची लाट, उजवा असेल तर उजवीकडची. अशाने तोंड लाटेकडे राहतं. आमची थोरली उजव्या पायाची आणि बाकी सगळे डाव्या, म्हणून तिची पाळी आली की बॅलास्ट आणि पट्ट्या दोन्ही बदलावं लागतं. तिची पाळी शेवटी ठेवली की वेळ वाचतो.

दोन, खुणा. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर. गळ्यावरून हात फिरवला की थांब. डोक्यावर थोपटलं की आता बोटीवर परत. आणि पडल्यानंतर हात उंच करायचा, म्हणजे मी ठीक आहे. हात वर आला नाही तर काहीतरी बिनसलं आहे असं धरून चालायचं.

आता सुरुवात, म्हणजे चालवणाऱ्याची खरी परीक्षा. सर्फर पाण्यात पाठीवर रेलून बसल्यासारखा तरंगतो, गुडघे छातीशी, दोन्ही टाचा बोर्डच्या कडेवर. बोर्डला पाय अडकवायला काहीही नसतं, आणि नवखा याच गोष्टीने घाबरतो. त्याला सांगा की बोर्ड आपण पकडायचा नसतो, पाणी तो आपल्या पायांना चिकटवतं. हात सरळ, हँडल गुडघ्यांच्या पुढे. मी इंजिन गिअरमध्ये टाकून नुसतं सरकू देते, दोरी ताणली जाईपर्यंत. मग थांबून त्याच्या ‘चल’ची वाट बघते. ‘चल’ ऐकू आल्यावरही थ्रॉटल एकदम ढकलत नाही, सरकवते. पहिल्या टप्प्यात बोर्ड आपोआप आडवा फिरून तळव्यांखाली येतो. नवखा त्या क्षणी उकिडवा असतो आणि त्याला तसाच राहू द्यायचा. उठायची घाई त्यालाही नको, मलाही नको. अंग पाण्याबाहेर आलं की मग सर्फिंगच्या वेगावर जायचं आणि वेग क्रूझ कंट्रोलवर सोडायचा.

जोरात ओढलं तर काय होतं? हात खेचले जातात, माणूस उत्तरादाखल हँडल छातीशी ओढतो, वजन मागे जातं, बोर्ड निसटतो. शिकणाऱ्यांना ‘हात वाकवू नकोस’ असं बजावत बसण्यापेक्षा आपण हलक्या हाताने ओढलं की ते हात आपसूक सरळ राहतात. धाकट्यासारख्या हलक्या पोराला तर इतकी कमी ओढ लागते की तो उठला कधी हे बोटीत कळतही नाही. लहान मुलांना वेगही कमी पुरतो, ताशी १५-१६ किलोमीटरच्या आसपास.

उभं राहिल्यावर गुडघे वाकलेले, नजर बोटीवर, पायांकडे नाही. पुढच्या पायावर वजन म्हणजे वेग, मागच्या पायावर म्हणजे ब्रेक. लाटेकडे तोंड असताना चवड्यांवर दाब दिला की बोर्ड लाटेवर चढतो, टाचांवर दिला की खाली उतरतो. एवढं चारच शब्दांत सांगा. जास्त सूचना दिल्या की पोरं गोंधळतात.

मग येतो तो क्षण, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. सर्फर दोरीने हळूहळू स्वतःला पुढे ओढत लाटेच्या कुशीत येतो. दोरी ताठ असते, काडीसारखी. एकाएकी तिच्यात झोळ पडतो, मधला भाग पाण्याला टेकतो. आता बोट नव्हे, लाट त्याला नेते आहे. बोर्डवरच्या माणसाला हे लगेच उमगत नाही, त्याची मूठ घट्टच असते. हे ओळखायला सासूबाईंइतकं तरबेज आमच्यात कुणी नाही. त्या ‘झोळ!’ अशी खणखणीत हाक देतात. तरीही लगेच सोडायची नाही. झोळ टिकतो आहे का बघायचं, एक हात मोकळा करून परत धरायचा, पुढच्या पायावर थोडं झुकायचं, पुन्हा बघायचं. नवऱ्याला पटकन सोडायची हौस, तो मागे राहून पडायचा. थोरली झोळ टिकेपर्यंत धीर धरते आणि सोडल्यावरही लाटेवर राहते. सोडलेली दोरी लाटेपासून दूर, बोटीच्या मधल्या रेषेकडे टाकायची आणि बोटीतल्याने ती त्याच क्षणी आत ओढून घ्यायची. पाण्यात लोळणारी दोरी सर्फरच्या पायात येते, नाहीतर प्रोपेलरमध्ये.

या सगळ्या वेळात मी समोर बघत असते. मागे वळून बघण्याचा मोह फार होतो, पोटचं पोर पहिल्यांदा दोरी सोडत असताना तर विचारूच नका. पण समोर पोहणारा असू शकतो, कयाक असू शकतो. मागची खबर सासूबाईंच्या तोंडून घ्यायची. नजर ठेवायला म्हणूनच जबाबदार, मोठा माणूस हवा; व्हिडिओ काढणाऱ्याला हे काम देऊ नका, त्याचं लक्ष पडद्यात असतं. आणि बोट सरळ रेषेत ठेवा. वळलात की लाटेचा आकार मोडतो.

पडताना अंग पसरून, उथळ पडायचं, डोक्यावर सूर मारायचा नाही आणि वर येताना एक हात डोक्यावर धरायचा, कारण बोर्ड जवळच असतो. सर्फर पडला की मी वेग सावकाश कमी करते. झटक्यात थांबलं तर आपलीच लाट मागून येऊन बोटीत शिरू शकते. वेग उतरल्यावर मंद गतीने वळून परत जायचं. भरधाव गोल फिरून गेलं की चारी बाजूंनी लाटा उसळतात, पाण्यातल्याच्या नाकातोंडात पाणी जातं आणि पुढच्या फेरीचं पाणीही बिघडतं. त्याला नेहमी चालवणाऱ्याच्या बाजूला, डोळ्यांसमोर ठेवून जवळ जायचं. माणूस बोटीवर चढणार असेल तर इंजिन बंद, किल्ली फिरवून. न्यूट्रल पुरेसं नाही.

पोरांना किती वेळ पाण्यात ठेवायचं, तर ओठ निळे पडायच्या आत बाहेर. दमलेलं पोर तोच प्रयत्न दहा वेळा करतं आणि दर वेळी आणखी वाईट पडतं. ‘अजून एकदा, आई’ला मी एकदाच हो म्हणते.

निघताना बॅलास्टच्या टाक्या त्याच तलावात पूर्ण रिकाम्या करा, तळाचं बूच काढा, ट्रेलरला अडकलेल्या वनस्पती हाताने काढा आणि दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी बोट कोरडी होऊ द्या. झेब्रा मसलसारखे परके शिंपले अशाच उरलेल्या पाण्यातून एका तलावातून दुसऱ्यात पोहोचतात. पंप बंद पडल्यावरही टाकीत थोडं पाणी राहतं, म्हणून मी बोट ट्रेलरवर चढवून पुढची बाजू उंच झाली की पंप पुन्हा एकदा चालवते.