पानं आधी जमिनीवर टाचा, मग कापड हातात घ्या

बडोद्यात माघाच्या आसपास बदामाची पानं गळायला लागतात. कमाटीबागेत सकाळी ७ वाजता, झाडलोट व्हायच्या आत गेलं, तर एकाच झाडाखाली पिवळा, नारिंगी, विटकरी ते पार काळपट लाल असे सगळे रंग सापडतात. माझ्या बऱ्याच गोधड्या तिथेच सुरू झाल्या. कशा, ते सांगते.

गळलेलीच पानं घ्या, तोडू नका. ३०-४० पुरतात. वारा लागणार नाही अशी हातभर जागा साफ करून पानं रंगाच्या क्रमाने मांडा, मध्ये गडद आणि बाहेर फिकट. अँडी गोल्ड्सवर्दी हा ब्रिटिश कलावंत असंच काम करत आला आहे. पानं, काटक्या, दगड, बर्फ, जागेवर जे मिळेल ते घ्यायचं, पानाला पान काट्याने जोडायचं. ऊनवाऱ्यात रचना मोडते, फोटो राहतो. त्याचं काम पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीच्या पत्रावळी आठवल्या. पळसाचं एक पान दुसऱ्यावर बोटभर चढवायचं, बांबूची चोय वरून खुपसून खालून वर काढायची, उरलेलं टोक मोडायचं. हा धावदोराच आहे. म्हणून दोन-चार पानं तरी बाभळीच्या काट्याने टाचून बघाच. पान किती चढवलं की फाटत नाही, हे बोटांना कळतं आणि पुढे कापडावर तेच उपयोगी पडतं.

आता बरोबर वरून फोटो घ्या. पण तो कापडावर छापायला नाही. मी पहिल्या वेळी प्रत्येक पानाची कड गिरवली, शिरा भरल्या. महिनाभर खपले आणि हाती आली साधी फुलापानांची चादर, बागेतलं काहीच त्यात नव्हतं. फोटोत पानांपेक्षा त्यांच्यामधल्या फटी बघा. खडूने कापडावर फक्त त्या फटी काढा.

कापड मांजरपाटाचं, आधी गरम पाण्यातून काढून खळ घालवलेलं. खाली जुन्या सुती साडीचे दोन थर. १८ इंचांचा चौकोन सुरुवातीला बास. मधून कडेकडे कच्चे टाके घाला, नाहीतर थर सरकून चुण्या पडतात. मग सहापदरी दोऱ्याचे दोन पदर ओवून धावदोरा घाला, पानांच्या जागी दाट. दोन ओळींत तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढंच अंतर. फटी रिकाम्या सोडा.

दाट टाक्यांखाली कापड दबतं, रिकामी जागा फुगून वर येते. गोधडी खिडकीशी तिरप्या उजेडात धरा: फटीच उठून दिसतील, पानं खोल जातील. रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताने १९६७ साली एका कुरणात परत परत चालून गवत दाबलं आणि त्याची सरळ रेघ उमटवली. ना रंग, ना दगड, नुसतं दबलेलं गवत. दाट धावदोरा कापडाचं तेच करतो. म्हणून एकदा तरी कापडाच्याच रंगाचा दोरा घेऊन शिवा, मला ती गोधडी सगळ्यांत प्रिय आहे.

रंगीत करायची असेल तर पानं वहीत घालून त्याच दिवशी दोऱ्याच्या दुकानात जा. संध्याकाळपर्यंत लाल पान तपकिरी पडतं, आणि फोटोतला लाल कधीच खरा नसतो. पानावर लड ठेवून दुकानाबाहेर उन्हात बघा. पाच छटा घ्या, आणि एका छटेतून दुसरीत जाताना सुईत दोन्हींचा एकेक पदर ओवा. बदामाच्या पानातही पिवळा एकदम लाल होत नाही, मध्ये बोटभर जागेत दोन्ही मिसळलेले असतात.

मांडलेली पानं तिथेच झाडाखाली राहू द्या. फक्त काटे आठवणीने काढून घ्या, बागेत मुलं अनवाणी पळतात.